भुताच्या कपाळावरची विभूती

माझी बायको गेली त्याच्या आदल्या वर्षी तिनं एका सिनेमात भुताचं काम केलं. सिनेमा अठरा मिनिटांचा. आमच्या घरी कॅमेरा कधी नव्हता. लग्नातले काही फोटो आणि बँकेच्या पासबुकावरचा एक, एवढंच तिचं उरलेलं. तिचं चालणं, मान वळवून बघणं, बोलणं हे सगळं त्या अठरा मिनिटांतल्या तीन-साडेतीन मिनिटांत आहे, दुसरीकडं कुठंही नाही, असं मी तेव्हा धरून होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते एरवी कुणाला समजायचं नाही.

सिनेमा वाईट होता, हेही आधीच सांगतो.

तो काढणारा गृहस्थ राजारामपुरीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवायचा. तिशीचा, मूळचा इचलकरंजीचा, वडील मागावर कामाला होते. नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलातून उमलवणं, नवरा-नवरीला बदामात घालून आकाशात उडवणं ही त्याची कला. दोन हजार सालानंतर संकलनाचं काम कॉम्प्युटरवर आलं आणि त्याच सुमाराला त्याला वाटायला लागलं की आपण दिग्दर्शक आहोत. यंत्र आलं की असं पुष्कळांना वाटतं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. टाइपरायटर घेतल्यावर कवी झालेली माणसंही मी पाहिली होती.

एका सकाळी तो वर आला आणि दारातूनच माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, दोन रविवार तुमचं घर पायजे. सिनेमा काढायलोय, भुताचा."

"आमचंच घर बरं दिसलं?"

"सरांची पुस्तकंच पुस्तकं हायत की. उजेडच येत न्हाई आत. भुताला एकदम बरं." मग जरा थांबून म्हणाला, "आन् तुमीबी पायजे."

"मी? मी काय करू?"

"भूत."

ती इतकी हसली की तिला भिंतीला हात टेकावा लागला. "ह्यांनी सांगितलं काय रं तुला, मी सकाळी उठल्यावर कसा दिसतो ते?"

ती नेसरीची. तिकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. लग्नानंतर काही वर्षं मी ते सुधारायचा प्रयत्न केला. नंतर सोडून दिला, पण सोडून दिलाय हे तिला कळेल अशा रीतीनं सोडला.

कथा सांगण्यासारखी नव्हती. एक भाडेकरू एका घरात राहायला येतो, त्या घराची मेलेली मालकीण त्याला आरशात दिसते, तो पळून जातो. शूटिंग भर दुपारी झालं. खिडक्यांना घोंगडी लावली, दिव्याला निळा कागद गुंडाळला आणि त्याला रात्र म्हणायचं ठरलं. दोन्ही रविवार मी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसलो. तिथं बसून मी दाखवून देत होतो की या प्रकाराशी माझा काही संबंध नाही. दाखवायचं नसतं तर मी वाचनालयात जाऊन बसलो असतो.

ती आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, कपाळाला विभूती लावूनच भूत व्हायला बसली. दिग्दर्शकानं तिच्या तोंडाला पावडर थापली, डोळ्यांभोवती काजळ फासलं. पावडरीखाली विभूती झाकली गेली. ती उठून देव्हाऱ्यापाशी गेली आणि तीन बोटांनी परत ओढून आली. तिच्या आयुष्यात विभूतीशिवाय दुपार झाली नव्हती. माझी कॉलेजात असताना सुटली ती सुटलीच. कॅमेऱ्याच्या मागच्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळी दिग्दर्शकानं कॅमेऱ्याची वायर आमच्या टीव्हीला जोडली आणि झालेलं काम दाखवलं. मी पहिल्याच दृश्यात पाहिलं. भुताच्या कपाळावर तीन पांढरे पट्टे. भूतबाधा झाली की विभूती लावतात, विभूतीनं भूत पळतं, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. इथं भूतच ती लावून उभं होतं. पुढचा रविवार बाकी होता. एक वाक्य बोललो असतो तर तेवढं दृश्य परत घेता आलं असतं.

"कसं झालंय? खरं सांगा," ती म्हणाली.

"सांगण्यासारखं काही नाही."

"काय चुकलंय काय?"

"चुकायला मुळात काहीतरी असावं लागतं," मी म्हणालो.

दिग्दर्शक वायर गुंडाळायला लागला. ती म्हणाली, "इतकी पुस्तकं वाचून एवढंच बोलाय येतंय व्हय?" आणि चहा ठेवायला गेली. सुधारण्याइतकीसुद्धा ज्याची किंमत नाही त्याची चूक कशाला दाखवायची, असा माझा विचार होता. तो मला त्या वेळी उच्च दर्जाचा वाटला होता.

पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली. सहा आठवडे. त्यातले शेवटचे दोन दवाखान्यात. तिच्या माहेरची माणसं आली, आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तिला बसवून पुरलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

मधल्या काळात दिग्दर्शकाचा कॉम्प्युटर दोनदा बिघडला, लग्नसराई आली, गेली. ती जाऊन चार महिने झाल्यावर सिनेमा पुरा झाला. त्यानं मला बोलावलं.

राजारामपुरीतच एका शिकवणीच्या वर्गात महिन्यातून एका रविवारी सकाळी एक मंडळ भरायचं. हौशी लोक आपण काढलेले छोटे सिनेमे आणायचे आणि बाकीचे त्यावर मत द्यायचे. फळ्यावर आदल्या दिवसाची त्रिकोणमिती तशीच असायची आणि टीव्ही टेबलावर. पद्धत ठरलेली होती. सिनेमा संपला की प्रत्येकानं उभं राहून बोलायचं. आधी अभिनंदन करायचं, मग दोन सूचना करायच्या. सूचना दोनच का, ते कुणी सांगू शकत नव्हतं, पण एक सूचना करणारा अडाणी आणि तीन करणारा उद्धट समजला जायचा. सिनेमावाल्यानं मध्ये बोलायचं नाही, वहीत लिहून घ्यायचं. शेवटी अध्यक्ष समारोप करायचे, मग चहा आणि भडंग. अध्यक्षांनी तरुणपणी नाट्यस्पर्धेत एका पोलिसाची भूमिका केली होती. बोलताना ते अजूनही काखेत दंडुका असल्यासारखे उभे राहायचे.

मी मागच्या बाकावर बसलो. ती माझी बायको होती हे दिग्दर्शकाशिवाय तिथं कुणाला माहीत नव्हतं.

टीव्हीवर ती आली. आरशात आधी पदर दिसला, मग ती. तिनं मान जरा डावीकडं कलती करून त्या भाडेकरूकडं पाहिलं. बाजारातून आल्यावर मी दार उघडायला उशीर केला की ती माझ्याकडं तसंच बघायची. भयानक आवाजात 'मी परत आले आहे' असं म्हणायचं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "आलो की मी."

सगळा वर्ग हसला. बाकं वाजवून हसले. मी ती माणसं नीट पाहून घेतली. यातला कुणी सरकारी कचेरीत कारकून, कुणी विम्याचा एजंट, एक दातांचा डॉक्टर. त्यांचे स्वतःचे सिनेमे मी नंतर पाहिले. एकात पाच मिनिटं नुसता नळ ठिबकतो आणि तो एकटेपणा असतो.

मग मतं सुरू झाली. अभिनंदन, प्रकाशयोजना छान, संगीत जरा कमी करावं. अभिनंदन, कॅमेरा छान, भाडेकरूनं दाढी करायला नको होती. एकानं विचारलं, "भूत एवढं मायाळू कशाला? जेवलास का म्हणून विचारतंय असं वाटतंय." परत हशा. दिग्दर्शक मान खाली घालून लिहीत होता.

मग दातांचे डॉक्टर उठले. "अभिनंदन. माझी एकच, पण मूलभूत सूचना आहे." एकच म्हटल्यावर लोक सावरून बसले. "भुताच्या कपाळाला विभूती आहे. विभूतीनं भूत पळतं. मग हे भूत स्वतःलाच बघून पळून कसं जात नाही?"

या वेळचा हशा आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा होता. त्यात अडचण अशी होती की डॉक्टर बरोबर बोलत होते. त्या सगळ्या सकाळीत एक खरी गोष्ट बोलली गेली आणि ती दात काढणाऱ्या माणसानं बोलावी याचा मला संताप आला.

अध्यक्ष म्हणाले, "भुताचे प्रसंग नव्यानं घ्या. एखादी कॉलेजची मुलगी बघा, केस मोकळे, पांढरा गाऊन. ह्या बाईंना काढून टाका."

दिग्दर्शकानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. ही सूचना त्यानं वहीत अजून लिहिली नव्हती, पेन टेकवून ठेवलं होतं. हा माणूस लिहिलेलं पाळणारा होता. लिहिलं असतं तर ती गेली असती.

मी उभा राहिलो. त्या मंडळात मी कधी बोललो नव्हतो, आणि इतक्या माणसांसमोर निवृत्तीच्या समारंभाखेरीज कुठंच नव्हतो. मी म्हणालो, "अभिनंदन. विभूती ही रक्षणाची खूण आहे. ती या भुतानं लावली आहे, म्हणजे ते छळायला आलेलं नाही, घर राखायला आलं आहे. भाडेकरू घाबरतो तो त्याच्या अज्ञानामुळं. भयकथेचा संकेत इथं उलटा केला आहे, आणि एक शब्द न बोलता. या अंतर्विरोधातच आशय आहे. ती विभूती काढली तर सिनेमात काही राहत नाही."

यातला एकही शब्द मला खरा वाटत नव्हता. तीस वर्षं पुस्तकांच्या प्रस्तावना वाचल्या की असं बोलता येतं.

दोघांनी 'अंतर्विरोध' लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "मी तेच म्हणत होतो, फक्त वेगळ्या अंगानं." अध्यक्ष म्हणाले, "हे माझ्या मनात घोळत होतं, शब्द सापडत नव्हते." आणि आपला दिग्दर्शक, ज्याला ती विभूती आत्ता पहिल्यांदा दिसली होती, तो भराभर आपला हेतू वहीत उतरवून घेत होता. पुढं एका स्पर्धेत याच आशयाबद्दल त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. माणसांबद्दलचं माझं मत त्या दिवशी जितकं घसरलं तितकं आधी कधी घसरलं नव्हतं, आणि त्या माणसांत मी स्वतःला धरलं होतं.

समारोपात अध्यक्षांनी एक शेपूट जोडलं. "मग चेहरा राहू दे. पण तो आवाज बदला. प्रमाण भाषेत, गंभीर." माझ्याजवळची विद्वत्ता संपली होती. चेहरा वाचला या आनंदात मी बसून राहिलो आणि भडंग खाल्लं.

घरी आल्यावर तासाभरानं मला कळलं की मी काय जाऊ दिलं.

तरी आठवडा गेला. खाली जाऊन काय म्हणायचं हे मी जुळवत होतो. बोलीभाषा हा भुताचा मातीशी उरलेला धागा आहे, असं काहीसं जुळलंही होतं. ते घेऊन मी दुकानात उतरलो. कॉम्प्युटरसमोर माइक धरून एक बाई बसल्या होत्या. सत्कार-समारंभात निवेदन करणाऱ्या, गावात त्यांचा आवाज सगळ्यांना माहीत होता. पडद्यावर माझ्या बायकोचे ओठ हलले आणि त्या बाई म्हणाल्या, "मी... परत... आले आहे." त्याला मागून घुमारा लावला होता.

"बरं झालं आलासा, सर," दिग्दर्शक म्हणाला. "कसं वाटतंय? खरं सांगा."

जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं असतं.

"वाईट आहे," मी म्हणालो. "जुना आवाज ठेव."

"मला हे आधी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या.

"सर, त्या दिवशी आवाजाचं तुमी काय बोलला न्हाईसा."

"चुकलं माझं."

"लोक हसत्यात ओ."

"हसू देत."

"मंडळात इचारतील की. कारण काय सांगू?"

"कारण काही नाही. तो तिचा आवाज आहे. दुसरीकडं कुठं नाही."

त्यानं टेबलाच्या खणातून एक छोटी कॅसेट काढली. "हिच्यावर आनखी हाय. काकूंनी तीन-चारदा म्हटलं हुतं ते. हसू यायचं त्यास्नी. उद्याचं लग्न हिच्यावरच घेणार हुतो."

त्यानं ती लावली. घोंगडी, निळा उजेड, आरसा. ती "आलो की" म्हणते आणि हसते. परत म्हणते, परत हसते. दिग्दर्शकाचा आवाज येतो, "काकू, जरा भीती दाखवा की." ती म्हणते, "थांब, ह्यांना इचारतो." आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारते, "ऐकताय का ओ? आवाज बरा येतोय का माझा?"

आतून एक पुरुष म्हणतो, "दार ओढून घ्या. वाचतोय मी."

तो कोण ते मला लगेच कळलं नाही. कोरडा, नाकातला आवाज होता.

"तुमीच की, सर," दिग्दर्शक म्हणाला.

पडद्यावर तिनं जाऊन दार ओढून घेतलं, परत आरशासमोर आली, पदर सारखा केला आणि दिग्दर्शकाला म्हणाली, "चल, घे परत."

दिग्दर्शकानं कॅसेट थांबवली. माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "तेवढं तुमचं पुसून देऊ का? काकूंचं तेवढं ठेवतो."

"नको," मी म्हणालो. "आहे तशी दे."