दोन बरगड्यांमधली जागा

अक्का हल्ली ब्लाउज दोन मापं मोठा शिवून घेते. उजव्या बाजूची शिवण बरगडीला लागली की तिला आग होते. फुप्फुसातली गाठ काढून बरेच महिने झाले. व्रण शोधावा लागतो, इतका लहान. आग मात्र जात नाही.

त्या जागेतून आत गेलेली नळी माझी आहे.

दुर्बिणीतून छातीची शस्त्रक्रिया करताना दोन बरगड्यांच्या मधून एक आखूड नळी बसवतात आणि तिच्यातून कॅमेरा आत घालतात. आमच्या कंपनीत त्या नळ्यांचं डिझाइन मी करतो. बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते. कॅमेरा तिरका केला की कडक नळी त्या नसेवर रेलते आणि नस दुखावते. मऊ बाहीसारखी नळीही आम्ही केली आहे, पण तिच्यात कॅमेऱ्याची काच रक्ताने माखते आणि सर्जन वैतागतात. त्यांचा वैताग मीटिंगमध्ये ऐकू येतो. पेशंटला मीटिंगला कोण बोलावतं?

चाचणीसाठी आम्ही शिवाजीनगरातून बोकडाच्या बरगड्या आणायचो. "साब, खाते नहीं तो लेते कायकू?" खाटीक दरवेळी विचारायचा. कडक नळी त्या मांसात कशी घट्ट बसायची! मेलेल्या बोकडाला आग होत नाही, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही. मीही नाही.

ऑपरेशन ठरलं तेव्हा अक्काने सर्जनना बजावलं, "माझ्या तम्माचीच नळी घाला हं." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आमच्या घरचं मराठी असंच, कानडी मिसळलेलं. सर्जननी मला विचारलं, "कडक घेऊ की मऊ?" अक्का कौतुकाने माझ्याकडे बघत होती. मऊ म्हटलं असतं तर तिने लगेच विचारलं असतं, मग दुसरी वाईट का? मी म्हणालो, "नेहमीचीच."

दुखणं नळीमुळेच आहे, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. त्याच आडोशाला मी इतके महिने बसलो आणि स्वतःवरच चिडत राहिलो.

परवा तिच्याकडे गेलो तर ती मारतहळ्ळीच्या नणंदेशी फोनवर बोलत होती. नणंदेचंही तसलंच ऑपरेशन ठरलंय. "स्वल्प आग होते गं, पण घाबरू नको. आमच्या तम्माचीच नळी घाला म्हणून सांग." फोन ठेवून म्हणाली, "बघ, तुझी जाहिरात फुकटात करते मी."

"नको करूस."

"का रे? लाजतोस?"

मग सगळं सांगितलं. नस, बोकड, सर्जनचा प्रश्न, माझं उत्तर. तिचा हात नकळत बरगडीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "मऊ दे म्हटलं असतं मी. तुझं नाक कापलं गेलं असतं का त्याने?"

"तेव्हा तसंच वाटलं."

"सरी, बरं तर." तिने पुन्हा नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. "मी केलेलं कौतुक आता तूच परत घे."

पलीकडून नणंद हसत म्हणाली, "काय वहिनी, आता काय विसरलात?"

"मी बोलतोय," मी म्हणालो. "तुमच्या सर्जनना एक विचारा, नळी कडक घालणार की मऊ? लिहून घ्या."