लेखाला शोभलं म्हणून

घडलेली गोष्ट घडली तशी सांगण्यात आपल्याला काहीतरी कमीपणा आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि पाचवीपासून दहावीपर्यंत तो नेमका माझ्याच बाकावर बसत होता. गिरगावातली शाळा सुटली आणि आमची फाटाफूट झाली. तो गोदीत नोकरीला लागून शिवडीला राहायला गेला, मी फणसवाडी सोडून दादरला आलो, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांची साधी चौकशीही केली नाही. गेल्या वर्षी एका सकाळी चहा घेताना बायकोने, फोनवर कुणीतरी पाठवलेला एक ब्लॉग मोठ्यांदा वाचायला घेतला. फणसवाडीतलं बालपण, बाकावरचा मित्र, त्या मित्राचं सुंदर अक्षर, वाडीतल्या झाडाच्या दोघांनी मिळून पाडलेल्या कैऱ्या. लिहिणारा तोच, हे ओळखून मी ऐकता ऐकता सुखावत होतो. शेवटी ती थांबून म्हणाली, "अहो, पण हा मित्र आठवीत टायफॉइडने गेला की." आठवीत मला टायफॉइड झाला होता हे खरं. मी त्यातून उठलो, एवढंच त्याने वगळलं होतं.

मी ताबडतोब खाली प्रतिक्रिया लिहिली की मी हयात आहे, दादरला असतो, आणि आमच्या वाडीत आंब्याचं झाड नव्हतं. सोबत नंबरही दिला. दहा मिनिटांत त्याचा फोन. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला की माणूस गहिवरेल, निदान मारल्याबद्दल माफी तरी मागेल. हा म्हणाला, "तू आहेस ते बरंच झालं रे. पण तुझं जाणं लेखाला शोभत होतं."

हे लेखाला शोभणं पुढे माझ्या डोक्याला ताप होऊन बसलं. आम्ही गिरगावात एका उपाहारगृहात भेटलो, पियूष प्यायलो आणि पंखा वाढवायचा की कमी करायचा यावरून तासभर वाद घातला. रविवारी ब्लॉगवर बघतो तर दोन मित्र चौपाटीवर मावळत्या सूर्याकडे बघत निःशब्द बसलेले. पुढे त्याच्या घरी जेवायला गेलो तो मुद्दाम खिडकी बघायला, कारण तिच्यातून रोज सकाळी फ्लेमिंगोंचे थवे दिसतात असं त्याने लिहिलं होतं. खिडकीसमोर गोदामाचा पत्रा आणि ओळीने उभे ट्रक. फ्लेमिंगो शिवडीत येतात, याच्या खिडकीत येत नाहीत. मी तसं बोलून दाखवल्यावर त्याची बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "भावजी, तुम्ही खिडकीचं काय घेऊन बसलात? मला ह्यांनी लेखात नऊवारी नेसवून चुलीपुढे बसवलंय. मी तीस वर्षं बँकेत होते हो." तो शांतपणे भात कालवत होता. गोदीच्या कचेरीत म्हणे त्याची एकही नोंद कधी चुकली नाही. खरं लिहायचा त्याचा कोटा तिथेच संपला असावा.

मीही काही कमी हट्टी नाही. दर रविवारी लेख आला की चष्मा पुसून बसायचो आणि खाली त्याच्या चुका लिहायचो. शाळेची घंटा पितळेची नव्हती, रुळाचा लोंबता तुकडा होता. गणपतीतल्या नाटकात हा राजा नव्हता, पडदा ओढायला होता. बायको म्हणायची, तुम्हाला दुसरा उद्योग नाही. नव्हताच.

मग एका रविवारी त्याने हस्तलिखितावर लिहिलं. आमच्या शाळेत दरवर्षी प्रत्येक वर्गाचं हस्तलिखित निघे. मुलांचे लेख एका सुवाच्य प्रतीत उतरवायचे आणि स्नेहसंमेलनात ती प्रत टेबलावर मांडायची. नववीत तो संपादक होता आणि अक्षरामुळे मी लेखनिक. संमेलनाच्या आदल्या दुपारी त्या एकुलत्या एक प्रतीवर शाईची अख्खी बाटली सांडली. त्याने लिहिलं होतं, "बाटली माझ्या हातून सांडली. मित्राची महिनाभराची मेहनत वाया गेली, पण तो मला एका शब्दाने बोलला नाही. असं मन मी पुन्हा पाहिलं नाही."

मी एका शब्दाने बोललो नव्हतो, हे अगदी खरं होतं. बाटलीला कोपर माझं लागलं होतं. माझे वडील त्याच शाळेत शिकवायचे आणि घरी माझं काय होईल ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सर वर्गात आले, आणि मी तोंड उघडायच्या आत हा उभा राहून म्हणाला, "सर, माझा धक्का लागला." त्याने हातावर छड्या खाल्ल्या, त्याचं संपादकपद गेलं, आणि शाळा सुटेपर्यंत त्याने पुन्हा स्वतःहून एक ओळ लिहिली नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी नवा सदरा घालून संमेलनाला गेलो. त्याची मला आजही लाज वाटते. इतकी वर्षं मी त्याची चौकशी का केली नाही, याचं कारणही बहुधा तेच असावं.

तीन दिवस मी प्रतिक्रिया लिहीत होतो आणि पुसत होतो. एका घंटेवरून त्याला फैलावर घेणारा मी, पण हे लिहिताना बोट पुढे सरकेना. चौथ्या दिवशी एकदाचं लिहिलं, "बाटली माझ्या हातून सांडली. छड्या याने खाल्ल्या. मी गप्प राहिलो."

थोड्याच वेळात खाली त्याचं उत्तर आलं. "वाचकहो, माझा हा मित्र लहानपणापासून असाच. दुसऱ्याचा दोष स्वतःवर घ्यायची त्याला खोडच आहे." त्याखाली लोकांनी हात जोडले होते. कुणा एका बाईंनी लिहिलं होतं की अशी माणसं आता राहिली नाहीत.

मी संतापून फोन लावला. तुला खरंच आठवत नाही, की हेसुद्धा लेखाला शोभतं म्हणून, असं विचारलं.

"आठवतं रे," तो म्हणाला. "पण तेव्हा सरांना एकदा सांगितलंय मी. आता शब्द फिरवू का?"

ज्याने जन्मात एक गोष्ट दोनदा सारखी सांगितली नाही, तो हे एवढं वाक्य पंचेचाळीस वर्षं धरून बसला होता. मी फोन ठेवला.

रविवारी अजून त्याचा लेख येतो. मी अजून झाडं, पक्षी आणि घंटा दुरुस्त करतो, आणि वाचक माझं मुकाट्याने मान्य करतात. त्या एका लेखाखालची माझी प्रतिक्रियाही तशीच आहे. तिच्यावर मात्र कुणाचाच विश्वास बसलेला नाही.