दोन भोकांचं ऑपरेशन

मी गोंदियात गुडघे विकायचो. म्हणजे गुडघे नाही, गुडघ्यात घालायची दुर्बीण आणि तिच्यासोबतची बारीक हत्यारं. पण गावात सगळे असंच म्हणत आणि मीही दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. दोन हजार आठ-नऊचा काळ. त्याआधी गुडघा म्हटला की नागपूर आणि वीतभर चिरा. आता पेशंटच काउंटरवर उभा राहून विचारायचा, "दूरबीनवाला करते हो क्या?" नाही म्हटलं की सरळ पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात. मग काय, प्रत्येक डॉक्टरला दुर्बीण हवी झाली. माझी पेटी या थिएटरातून त्या थिएटरात फिरायची आणि तिच्यामागे मी, भर उन्हात टाय लावून.

माझं एक वाक्य ठरलेलं होतं. लहान छेद, लवकर घरी, लवकर कामावर. हे मी इतक्या जणांना ऐकवलं होतं की झोपेतून उठवलं तरी म्हटलं असतं.

आणि त्याच वर्षी माझ्या मायचा गुडघा गेला. आमचं गाव तिरोड्याकडचं, बोदलकशाच्या वाटेवरचं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची टोळी मायच्या शब्दावर चालायची. कोणाच्या बांधीत, कोणत्या खाचरात आधी उतरायचं, कोणी कोणत्या कोपऱ्यातून लावत यायचं, सगळं तीच ठरवायची. पऱ्यांची, भाताच्या रोपांची पेंढी डोक्यावर घेऊन धुऱ्याच्या बांधावरून येताना तिचा पाय घसरला, गुडघा पिळला आणि आतली गादी फाटली. दुखण्याची तिला पर्वा नव्हती. भीती एकच होती.

"बांधीत वाकता नाही आलं तं माही काय गरज हाय गा कोणाले?"

मी तिला माझं वाक्य ऐकवलं. लेकराच्या तोंडून आल्यामुळे तिला ते खरंच वाटलं.

ऑपरेशनला पेटी घेऊन मीच उभा होतो. डॉक्टरांनी गादी कापली नाही, शिवली. हात धुता धुता मला बजावलं, "दीड महिना मांडी नाही, उकिडवं नाही, चिखल तर मुळीच नाही. टाका सुटला तर सगळं वाया." मी मान डोलावली आणि घरी येऊन मायला सांगितलं, "आराम कर जरा." जरा! दीड महिना सांगायला माझी जीभ रेटेना, कारण मग 'लवकर कामावर'चं काय? हा माझा शहाणपणा.

आता आमच्याकडची रीत अशी, की ऑपरेशन झालेल्या माणसाला पाहायला सारा गाव येतो. बिस्किटचा पुडा हातात ठेवतो आणि जखम दाखव म्हणतो. चिरा जेवढा लांब तेवढा मान मोठा. शेजारच्या काकूंची गर्भपिशवी काढली तेव्हा पोटावर हा एवढा चिरा होता, त्यावर त्यांनी वर्षभर घागर उचलली नाही आणि कोणाची बोलायची टाप नव्हती. त्याच काकू मायच्या खाटेशी आल्या, लुगडं गुडघ्यावर सरकवलं आणि बघतात तर काय, दोन ठिपके. डास चावल्यासारखे.

"हे का आपरेशन होय? एवढ्याशा भोकातून का काहाडलं वो?"

"काहाडलं नाही, शिवलं," माय म्हणाली.

"मंग कायले लेटून रायली? तिकडं परे वाळून रायले!"

बाया हसल्या, पण माय हसली नाही. पुढचे दहा दिवस जो येई तो भोकं बघे आणि तोंड वाकडं करून जाई. अंगचोर हा शब्द तिच्या तोंडावर कोणी म्हटला नाही. तिच्यामागे मात्र म्हटला आणि तिने तो ऐकला.

बाराव्या दिवशी सकाळी मी गोंदियाहून आलो तर खाट रिकामी. माय बांधीत होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, टोळीच्या अगदी पुढे. मला बघून ताठ उभी राहिली आणि अशी हसली की काय सांगू. तेव्हा मी ओरडायला हवं होतं, हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी मोबाईल काढला आणि फोटो घेतला.

तो फोटो मी डॉक्टरांना दाखवत फिरलो आणि तो तुफान चालला. 'बारा दिवसांत चिखलात', प्रत्यक्ष आई! कंपनीच्या साहेबांनी पाठ थोपटली, मला गाडी मिळाली. सालेकशापर्यंतचे डॉक्टर फोन करू लागले. इकडे महिना संपायच्या आत मायचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला, टाका सुटला आणि गादी कापून काढावी लागली. पुन्हा दोनच भोकं! तेव्हापासून ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. रोवणीच्या दिवसांत ती खुर्ची अंगणात अशी ठेवते की बांध्या दिसू नयेत. फोटो मात्र मी पुढेही दाखवत राहिलो. लाज वाटायची, नाही असं नाही, पण दाखवायचो.

दोनेक वर्षांनी शेजारच्या गावची एक तरणी बाई लंगडत आमच्याकडे आली. कोण्या डॉक्टरने तिला मायचा फोटो दाखवला होता. तिचीही गादी फाटली होती आणि तीही रोवणीवालीच. मी कार्ड काढायला खिशात हात घातला. तिने मायलाच विचारलं, "मावशी, करू का?"

"कर," माय म्हणाली. "आपरेशन खराब नाही. पण गावाले भोकं दाखवजो नोको. मांडीपासून पोटरीलोक मोठ्ठी पट्टी बांधून ठेव. सोड म्हणतीन तं डाक्टरनं मना केलं म्हण. दीड महिना खाटेवरून उतरजो नोको."

बाई चकित झाली. "तुमी काऊन नाही बांधली मंग?"

मायने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीच्या हातावरची धूळ पदराने पुसली.

"मले कोणी सांगतलंच नाही," ती म्हणाली.