बाबांचा लॅपटॉप आणि अठ्ठेचाळीस आकडे

एप्रिलमधल्या एका रविवारी मी अमरावतीहून अकोल्याला गेले ती बाबांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकून द्यायला. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारपर्यंत काम उरकायचं आणि पाचच्या गाडीनं परत यायचं, असा बेत होता. सोमवारी कॉलेजात परीक्षेची ड्युटी होती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी चार वेळा घड्याळ पाहिलं असेल. कुठेही निघाले की परतीची गाडी आधी डोक्यात सुरू होते, ही माझी जुनी खोड.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. नोकरीतली सात वर्षं त्यांनी धारणीच्या पलीकडे, मेळघाटातल्या एका कोरकू गावात काढली. आई अकोल्यात नर्स होती, म्हणून मी आणि आई इथे, आणि बाबा तिकडे. निवृत्त झाल्यावर त्यांनी लॅपटॉप घेतला आणि त्या सात वर्षांबद्दल दोन बोटांनी टाइप करत राहिले. सहा वर्षं झाली, रोज सकाळी थोडं थोडं. काय लिहितात ते मी कधी वाचलं नव्हतं. ‘वाचीन’ म्हणायचे आणि राहून जायचं.

लॅपटॉप मात्र आता इतका मंद झाला होता की एक अक्षर दाबलं की ते उमटायला वेळ लागायचा. लिनक्स हलकं असतं, जुन्या यंत्रावरही पळतं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा हे काम माझंच.

घरी पोचल्या पोचल्या मी विचारलं, “बाबा, बॅकअप घेतला न?”

“घेतला. कालच त्या पेनड्राइव्हमंदी टाकलं सगळं.”

“सगळं?”

“सगळं म्हणजे सगळं. तू चा तर पी आंधी.”

चहा घेता घेताच मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि एफ-टू दाबून धरलं. नवीन सिस्टीम टाकण्याआधी यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जावं लागतं. त्याला बायोस म्हणतात. आपला नेहमीचा पडदा जागा होण्याआधी यंत्र स्वतःशी जे काही ठरवतं, ते सगळं त्या करड्या पानावर असतं. घड्याळ, कुठून सुरू व्हायचं, कोणाला आत येऊ द्यायचं. लिनक्स भरून आणलेल्या माझ्या पेनड्राइव्हला मी पहिला नंबर दिला, अनोळखी सिस्टीमला दारातच अडवणारं सिक्युअर बूट बंद केलं, सेव्ह केलं, बाहेर पडले.

बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. “हे काय बंद केलं तू?”

“सांगीन न मंग. होऊ द्या.”

लिनक्स सुरू झालं, पण म्हणालं, डिस्क सापडत नाही. मी पुन्हा बायोसमध्ये गेले आणि डिस्क कुठल्या पद्धतीनं जोडायची ती ओळ बदलली. आणखी एक-दोन गोष्टी बदलल्या. आता डिस्क दिसू लागली. पुढचा पडदा विचारत होता, सगळं पुसून नव्यानं टाकू का?

बोट एंटरवर होतं. मग का कोण जाणे, मला वाटलं, एकदा बाबांचा पेनड्राइव्ह पाहून घेऊ.

त्यात एकच फाइल होती. नाव बरोबर, पण आकार जेमतेम दोन केबी. सहा वर्षांचं लिखाण दोन केबीत मावत नाही. तो शॉर्टकट होता. फाइलकडे बोट दाखवणारी नुसती खूण. बाबांनी पडद्यावरचं ते चित्र उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलं होतं आणि निश्चिंत झाले होते.

त्यांना काही न सांगता मी लॅपटॉप बंद केला आणि जुनीच सिस्टीम सुरू करायला गेले. फाइल काढून घ्यायची आणि मग पुढे जायचं, पाच मिनिटांचं काम. पडदा निळा झाला. रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे.

हा पडदा काय आहे हे मला माहीत होतं. वर्गात शिकवते मी. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करून देताना डिस्कला कुलूप लागलेलं असतं, आणि सिक्युअर बूट बदललं की यंत्राला संशय येतो, ते किल्ली मागतं. ती किल्ली लॅपटॉप ज्या ईमेलवर नोंदवलेला असतो त्या खात्यात ठेवलेली असते. हे सगळं माहीत असून मी पाहिलं नव्हतं.

“बाबा, हा घेतला तेव्हा दुकानदारानं ईमेल कोणता टाकला होता?”

“त्यालेच मायीत. त्यानंच करून देल्लं सगळं.”

“कागद-बिगद?”

“काहून? काय झालं?”

मी खरं सांगितलं. बाबा पुढे वाकले. सहा-सहा आकड्यांसाठीचे ते आठ रिकामे चौकोन त्यांनी बोटानं मोजले. मग उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. ते तसे गेले ते मला फार लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आई आतून आली. “काय बिघडवलं तू?”

“आई, थांब न जरा.”

मी बायोस पुन्हा उघडलं. काय काय बदललं होतं ते आठवेना. लिहून ठेवलं नव्हतं, फोटो काढला नव्हता. मुलांना पहिल्याच तासाला सांगते, बदलण्याआधी फोटो काढा. मी वर-खाली जात राहिले, एकेक ओळ वाचत राहिले, हात थांबत नव्हता. सिक्युरिटी चिप, क्लिअर अशी एक ओळ होती. वाटलं, हे साफ केलं की कदाचित संशयही जाईल. तिच्यावर येऊन थांबलेच होते, तेवढ्यात आमच्या कॉलेजची लॅब सांभाळणारे सर आठवले आणि मी त्यांना फोन लावला.

“लिहून ठेवलं काय, काय बदललं ते?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“नाही.”

“आता आंगात आल्यावानी करू नका मॅडम. ते चिप क्लिअर करायची लाइन दिसून राहिली काय?”

“तिच्यावरच आहे मी.”

“उतरा तिच्यावरून. तिथं एंटर मारलं असतं न, तर ते कुलूप मंग किल्लीशिवाय उघडतच नाई. आंधी सिक्युअर बूट चालू करा. जसं होतं तसं ठेवलं की यंत्र ओळखते मालकाले.”

मी सिक्युअर बूट चालू केलं. आता किल्लीचा पडदा आला नाही, पण दुसराच निळा पडदा आला, काही तरी चुकलं म्हणाला आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पुन्हा तेच. तीनदा तेच. अडीच वाजले होते. आईनं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेले नव्हते.

“डिस्कची ती लाइन बदलली होती काय?” सरांनी विचारलं.

बदलली होती. तीही परत जशी होती तशी केली. सेव्ह केलं. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला, आणि मग बाबांनी लावलेला मेळघाटातल्या सिपना नदीचा फोटो आला.

“आलं, बाबा.”

ते उठून बसले, पण जवळ आले नाहीत. “फाइल पाय,” म्हणाले.

फाइल होती. मी ती पेनड्राइव्हवर घेतली, मोबाइलवर घेतली, स्वतःला मेल केली. मग नीट आहे ना हे पाहायला उघडली आणि मधलंच एक पान पुढे आलं.

बाबांनी लिहिलं होतं की तिसऱ्या वर्षी पती-पत्नी एकत्रीकरणात त्यांची अकोला जिल्ह्यात बदली झाली होती. आदेश हातात आला होता. त्यांनी स्वतः धारणीला जाऊन बदली नको म्हणून अर्ज दिला.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. साहेब बदली देत नाहीत, असं मला सांगितलं जायचं. तो साहेब कसा दिसत असेल याचा मी विचार करायचे. जाड, घामेजलेला, पान खाणारा. बाबा सुट्टी संपून जायला निघाले की मी मनातल्या मनात त्या साहेबाला शिव्या द्यायचे. तो साहेब नव्हताच.

“बाबा, हे खरं हाय?”

ते चष्मा लावून आले, पान पाहिलं. “हो. खरं हाय.”

“काहून?”

“एकशिक्षकी शाळा होती. मी निघालो असतो तर कुलूप लागलं असतं.” त्यांनी चष्मा काढला. “पण तेवढंच नाई. मले तठी बरं वाटे. ते बी खरं.”

मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती. “मले पयल्यापासून मायीत हाय,” ती म्हणाली. “लय भांडली मी. मंग भांडून भांडून कटाळली. तुले काय सांगावं लहान लेकराले?”

कोणी रडलं नाही. मी दोन घास खाल्ले, बॅग उचलली. बाबा नेहमीसारखे स्टँडपर्यंत सोडायला आले, त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी त्यांचा खांदा धरला, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. गाडीत फोनवर फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बडनेऱ्याला उतरून तिथूनच अकोल्याला परत जावं असं वाटत होतं. काय बोलायला, ते मात्र सांगता आलं नसतं.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. आधी कुलूप रीतसर काढलं, बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला, मग एकेक ओळ बदलली. बाबांना प्रत्येक ओळ सांगितली, आणि त्यांनी प्रत्येक ओळीला प्रश्न विचारला. लिनक्स बसायला अर्धा तास लागला. आता त्यांची अक्षरं दाबल्याबरोबर उमटतात.

निघताना त्यांनी विचारलं, “ते बदलीचं पान काढून टाकू काय?”

“राहू द्या,” मी म्हटलं.

त्यांनी ते तसंच ठेवलं आहे. पुढची पानंही आता मला पाठवतात, दर आठवड्याला, आणि मी ती वाचते. जुनी फाइलही मधूनमधून उघडते, पण त्या एका पानाशी आले की वाचण्याचा वेग वाढतो आणि मी पुढे निघून जाते. ते शेवटपर्यंत मला अजून वाचता आलेलं नाही.