तुटक रेघेपलीकडचा माणूस

माझे सासरे सैन्यात हवालदार होते. मी लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरात सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. सैन्याबद्दल ते बोलत नसत. लडाखला होते, एवढंच सासूबाईंकडून कळलेलं. हिवाळ्यात सकाळी कांद्याला पाणी धरून आले की ते ओट्यावर बसत आणि शेतांवरचं धुकं विरेपर्यंत तिकडेच बघत राहत. चहा निवून जाई. त्यांना तिथं काय दिसतं, हे विचारायचं मला धाडस झालं नव्हतं.

मी अवसरीकडच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते. कारगिलची लढाई झाली, त्याच साली हिवाळ्यात शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून आला आणि त्यानं शाळेला मोठा पृथ्वीगोल दिला. आत दिवा होता. खिडक्या लावून तो पेटवला की सगळा वर्ग निळा व्हायचा. पोरांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसायचे. दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही त्याच्यासमोर. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं लक्ष भारताच्या माथ्याकडे गेलं. तिथली सीमा तुटक रेघांची होती, आणि लडाखच्या पुढचा एक तुकडा फिकट करडा, कुणाचाच नसल्यासारखा.

"मॅडम, हे असं वर्गात ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "आपल्या सरकारी नकाशाप्रमाणे पक्की रेघ मारून आणा."

त्यांचं चुकत नव्हतं. मीही पोरांना तोच नकाशा शिकवत होते. शनिवारी तो गोल चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, भोपळा लई मोठा गावला." मी म्हटलं, "पृथ्वी आहे." त्यानं मान हलवली आणि पुढे गेला.

रविवारी सकाळी ओट्यावर गोल ठेवला, शाईची बाटली उघडली, शेजारी नकाशा पसरला. आबा बाजूला येऊन बसले. आधी त्यांनी आमच्या गावाजवळचं मंचर शोधलं. सापडलं नाही. मग हळूहळू बोट वर नेत त्या करड्या तुकड्याच्या कडेला थांबवलं.

"इथं व्हतो मी," ते म्हणाले.

मी लेखणी खाली ठेवली.

"तिथं रेघबिघ काय नाय पोरी. नुसते दगड आन् आभाळ. आभाळ पण असं खाली, की टोपी काढली तर डोक्याला लागंल. आमी गस्तीला जायचो, एका ठरलेल्या जाग्यापर्यंत. तिथं दगडं रचायची, खाली आपला रिकामा डबा नायतर सिगारेटचं पाकीट ठिवायचं. म्हंजे आमी येऊन गेलो. मग चार दिसांनी ते यायचे, आमचा डबा उचलून त्यांचा ठिवायचे."

"चीनचे?"

"हां. डबेच बघायचो आमी, माणसं नाय. एकदा धुकं आलं. पुढची पोरं दिसंनात. मी जागीच बसलो, हाललो तर गेलोच. धुकं जरा फाटलं तर ओढ्याच्या पल्याड एक जण बसलेला. माझ्यासारखाच, एकटा. बुटाची नाडी बांधत व्हता. त्यानं मला बघितलं, मी त्याला. बंदुका दोघांच्या मांडीवर."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मला काय सुचंना. मी खाली जमिनीकडं बोट केलं. म्हंजे, ही आमची. त्यानं पण केलं, त्याच्या पायापाशी. मग परत मी केलं, परत त्यानं. आन् मग तो हसला, राव. मला पण हसू आलं. तेवढ्यात धुकं मिटलं. परत उघडलं तर तिथं कुणी नव्हतं."

"हे मला कदी सांगितलं नाय," सासूबाई म्हणाल्या.

"साहेबाला पण नाय सांगितलं."

मी लेखणी परत उचलली. मला वाटलं, आता ते म्हणतील, राहू दे ती रेघ तुटक. मी तसं विचारलंसुद्धा.

"नाय, नाय. पक्की मार," ते म्हणाले. "चांगली जाड मार. त्या रेघेसाठी माझा जोडीदार गेला. कोल्हापूरकडचा व्हता. गोळी नाय लागली, छातीत पाणी झालं उंचीवर. दोन दिसांत संपला."

त्यांनी गोल दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि मी रेघ मारली. एका ठिकाणी शाई किंचित पसरली. त्यांनी फुंकर घालून ती वाळवली.

सोमवारी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिथं खरंच अशी रेघ आहे का?" मी मुख्याध्यापकांना विचारून त्याच आठवड्यात आबांना शाळेत नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीच्या कडेवर बसले. पोरांना लढाई ऐकायची होती. आबांनी सांगितलं की तिथं चहा उकळतो पण चटका देत नाही, आणि उशीवरचा श्वास सकाळी गोठून कडक झालेला असतो.

"तुम्ही शत्रू मारला का?" एकानं विचारलं.

"नाय."

"पाहिला तरी?"

"पाहिला. माझ्याच वयाचा व्हता."

पोरं पुढच्याची वाट पाहत राहिली. टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरा. मुख्याध्यापकांनी नारळ दिला, आणि आबांनी वर्गाला सॅल्यूट केला, तेव्हा मात्र सगळी पोरं आपोआप उभी राहिली.

परतताना मंचरला गाडी बदलून आम्ही खिडकीपाशी बसलो. ऊन कलत होतं. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी शेतं, त्यावर तुषारांचं पाणी उडत होतं आणि सगळं शिवार झोपेत चालल्यासारखं मागे सरकत होतं. आबांनी डोळे मिटले होते. झोपले असं मला वाटलं.

"त्या जोडीदाराची सामानाची पेटी मीच पोचवली त्याच्या घरी," ते डोळे न उघडता म्हणाले. "आईनं कुलूप उघडलं नाय. मला जेवायला वाढलं. मग इचारलं, लई थंडी व्हती का रं तिथं?"

"मग?"

"मी म्हणलं, नाय आई. लई नव्हती."

गाडी थांबली, दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या. आबा सरकून त्यांच्यासाठी जागा करून देऊ लागले.