थंडीपुरतं गवत

आमचे शेजारी हातखंब्याजवळच्या एका रिसॉर्टच्या गोल्फ मैदानाचं गवत सांभाळतात. थंडीत तिथली हरळी फिकी पडते, म्हणून तिच्यावर विलायती गवत पेरतात. बी कुठलं, ते हेच ठरवतात. मुंबईची नोकरी संपवून मी गावी आलो, तेव्हापासून कुंपणापलीकडून त्यांचा एकच प्रश्न असतो, "काय हो, परत कधी?" मी सांगतो, "आता कायमचा आलोय." ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

यंदा त्यांनी तीन तऱ्हेचं बी तीन घमेल्यांत पेरून अंगणात ठेवलं. त्यातलं एक असं हिरवंगार उठलं की मी म्हटलं, "हेच घ्या." ते नुसते हसले.

शिमगा सरला, ऊन तापलं. एक घमेलं पिवळं पडलं, दुसरं पार वाळलं. मी निवडलेलं मात्र तुकतुकीत. त्यांनी वाळलेल्यावरून मायेनं हात फिरवला.

"येत्या थंडीला हेच."

"मेलेलं?"

"वेळेत गेलं ना! पाहुणा हललाच नाही, तर घरच्या हरळीनं वर यायचं कसं?"

माझं घमेलं त्यांनी माडाच्या आळ्यात उपडं केलं आणि हात झटकत कुंपणाशी आले.

"काय हो, परत कधी?"