कातडीचा नमुना

आप्पांचा डावा हात पहिल्यांदा थरथरला तो पूजेत. आमच्यात पूजेला देव्हारा लागत नाही. गळ्यात बांधलेल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. मन जाग्यावर असलं की तळहात हलत नाही, असं लहानपणापासून सांगतात. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते जन्मभर खरं मानलं. मी बँकेत लागल्यापासून फारसं काही मानत नाही.

हात थरथरायला लागल्यावर आप्पा दवाखान्यात गेले नाहीत, स्वतःच्या मनाची झडती घेत बसले. आधी टीव्ही बंद केला. मग चहा सोडला. मग आमच्या भुसार दुकानातल्या दुपारच्या गप्पा सोडल्या, ज्यांच्यावाचून उमरग्याच्या बाजारात माणूस जगूच शकत नाही अशी माझी समजूत होती. सोमवारचा उपास होताच, त्यात गुरुवारची भर पडली. आई वैतागली. "या वयात मन कुठं भटकतंय म्हणायचं?" असं मी एकदा थट्टेनं विचारलं.

ते हसले नाहीत. "तेच तर शोधायलोय," म्हणाले.

पुढे ते पाय ओढत चालायला लागले, शर्टाची बटणं आई लावून द्यायला लागली, तेव्हा मी त्यांना बळंबळं सोलापूरच्या बसमध्ये बसवलं.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं आणि चालू असलेल्या गोळ्या बघायला मागितल्या. चक्कर येते म्हणून आप्पा कित्येक वर्षं एक गोळी घेत होते. मागितली की मेडिकलवाला द्यायचा. डॉक्टर म्हणाले, या गोळीनंही अशी थरथर येऊ शकते, आणि गोळी सोडली की बहुतेकांची हळूहळू जाते. पार्किन्सन असेल तर मात्र जायची नाही, वाढत जाईल. नुसतं बघून दोन्हींत फरक करणं अवघड. म्हणून कातडीचे बारीक तुकडे काढून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवू. पार्किन्सनमध्ये एक प्रथिन बिघडून मेंदूत साठतं, तसंच ते कातडीतल्या बारीक नसांतही साठतं, आणि तिथं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. एवढ्यावरच सगळं ठरत नाही, पण ठरवायला मदत होते.

मी मनात लगेच गोळीची बाजू घेतली. गोळीच असावी, गोळीच असावी, असं त्या खुर्चीवर बसून घोकत होते. काही न मानणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण घोकत होते.

तुकडे मानेच्या मागून, मांडीतून आणि घोट्याच्या वरून काढणार होते. मला वाटलं आप्पा घाबरतील. उलट कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांना कशात तरी रस वाटला. आयुष्यभर त्यांनी तुरीच्या, हरभऱ्याच्या पोत्यांत पोकळ सळई खुपसून नमुना काढला होता, वरून, मधून आणि तळातून.

"एका जागचा नमुना फसवतोय," ते डॉक्टरांना म्हणाले. "तिन्हीकडून काढा."

अडचण मानेपाशी आली. सिस्टरनं गळ्यातली डबी काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितली. आप्पांनी मान हलवली. ते अंगावेगळं करत नाहीत, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, थोडाच वेळ. शेवटी डॉक्टरांनीच दोरा पुढं ओढून घेतला आणि डबी आप्पांच्या डाव्या मुठीत दिली. जागा बधिर केली, मसुराच्या डाळीएवढे तुकडे निघाले, आणि सगळा वेळ ती डबी टेबलाच्या कडेवर टकटक वाजत राहिली. मला ते ऐकवेना. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर चक्करची गोळी बंद होती आणि मी रोज माहेरी डोकावून आप्पांच्या हाताकडे चोरून बघायची. एखाद्या दिवशी थरथर कमी वाटायची. आई म्हणायची, तुला वाटतंय.

पुन्हा सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून घेतली तेव्हाच मला कळलं. तिन्ही तुकड्यांत ते प्रथिन सापडलं होतं. तपासणीतली लक्षणंही तेच सांगत होती. पार्किन्सनच आहे, औषधं आहेत, हातपाय बऱ्यापैकी चालतील, पण मुळापासून जाणार नाही. मी औषधांच्या वेळा विचारत राहिले, कारण दुसरं काही विचारायची ताकद नव्हती.

आप्पांनी एवढंच विचारलं, "म्हंजे हे मनामुळं न्हाय?"

डॉक्टर क्षणभर गोंधळले. "नाही काका, मनाचा काही संबंध नाही. हा नसांचा आजार आहे. तुमच्या हातून काही घडलं म्हणून झालेला नाही."

"कातडीत दिसलं न्हवं?"

"दिसलं."

बाहेर आल्यावर त्यांनी मला आईला फोन लावायला सांगितला. "आजार हाय गं," ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "खराखुरा आजार हाय. माझं काई चुकलं न्हवतं." पलीकडं आई रडायला लागलेली मला ऐकू येत होती. आप्पा हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि मग मी त्यांच्या हातातून फोन घेतला, कारण तो पडायला आला होता.